नदीकाठची वाट

सप्टेंबर आला की आमच्या आइसलँडच्या खोऱ्यातली माणसं डोंगरावर उन्हाळाभर मोकळी चरलेली मेंढरं पायी हाकत खाली आणतात. कोणी कुठून चालायचं ते गावाने निवडलेला म्होरक्या ठरवतो. त्याला आम्ही डोंगरराजा म्हणतो. यंदा शहात्तर वर्षांचा ब्यार्तमार थेट डोंगरराजा स्टेइन्थोरच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

"स्टेइन्थोर, यादीत माझं नाव नाही."

"गेल्या साली तुला दोघांनी धरून उतरवलं, गड्या."

"तेव्हा गोळ्या नव्हत्या! सुनेने सांध्यांच्या गोळ्या आणल्यात, सहा महिने रोज घेतोय. गुडघे बघ, कोकरासारखे झालेत." असं म्हणून तो उकिडवा बसला. उठताना मात्र त्याने टेबलाचा कोपरा धरला. "साठ वर्षं जातोय मी. आता काय घरी सूप ढवळत बसू?"

त्याने पुढे केलेली गोळ्यांची डबी स्टेइन्थोरने हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"ह्याने खरंच फरक पडतो?"

"देवाशपथ!"

"लेका, दोन वर्षं ह्याच खातोय मी. अजून मोजे बायको चढवते."

ब्यार्तमारने डबी परत घेतली. जायला वळला, तेवढ्यात स्टेइन्थोरने यादी पुढे ओढली आणि त्याचं नाव लिहिलं.

"वरच्या कड्यावर यंदा माझी मुलगी जाईल. नदीकाठच्या सपाट वाटेने आपण दोघं. बरं झालं तू आलास. तिथे एकट्याने चालायची लाज वाटत होती."