डावा हात

"येत असेल तर उजवा हात. येत नसेल तर डावा. पण हात सगळ्यांचा वर पाहिजे," सुकेशनीनं तिसरीच्या वर्गाला पुन्हा एकदा बजावलं आणि प्रश्न टाकला. सपासप हात वर गेले. तिनं त्यातला एक उजवा हेरला, संघदीपला उभं केलं, उत्तर बरोबर आलं. तिचा जीव भांड्यात पडला. उद्या तिच्या वाशीमच्या डी.एड. कॉलेजातून मॅडम तिचा वार्षिक पाठ, म्हणजे शिकवण्याची परीक्षा, बघायला येणार होत्या. मागं खुर्चीत बसलेल्या माणसाला डाव्या-उजव्यातलं काय कळणार? त्याला आपला अख्खा वर्ग हुशार दिसणार.

ही युक्ती काही तिची नव्हती. कॉलेजात वरच्या वर्षाच्या पोरी ती खालच्या वर्षाला देऊन जात, घरच्या मसाल्यासारखी. वर एक पथ्यही सांगत. जे पोर कायम डावाच हात वर करतं, त्याला पाठाच्या दिवशी घरी ठेवायचं. उगाच जोखीम कशाला? या वर्गात असं एकच पोर होतं, हेमला. पोहरादेवीच्या रस्त्याला लागून असलेल्या तांड्यातली. प्रश्न कुठलाही असो, पोरीचा डावा हात ठरलेला.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक हरिसिंग सरांनी चहाचा कप पुढं सरकवला आणि नेहमीचंच विचारलं, की पोरांना काय शिकवलं ते राहू दे, आज तुला काय कळलं ते सांग. दीड महिना रोज हेच. सुकेशनीला त्या प्रश्नाचा मनापासून वीट आला होता. वर्ग तयार आहे, ती म्हणाली, फक्त हेमला ढिम्म आहे, तिला उद्या येऊ नको म्हणून सांगते. सर रागावतील असं तिला वाटलं होतं. सर रागावले नाहीत.

"तिच्या घरी गेली काय कधी?" एवढंच त्यांनी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. "मंग तिथं जाऊन तिच्या मायले सांग, बेटा. पोरीच्या हाती निरोप नको धाडू."

तांडा शाळेपासून हाकेवर होता, मधे फक्त एक नाला. पण दीड महिन्यात सुकेशनीनं तो ओलांडला नव्हता. सकाळी शेलूबाजारहून जीपनं यायचं, शिकवायचं, जीप धरून परत जायचं. तांड्याशी तिचं काही वाकडं नव्हतं. जायची गरजच पडली नव्हती. आता उद्याचा तक्ता रंगवायचा राहिला होता, आणि हे काय भलतंच! सरांच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडत ती निघाली.

हेमलाची आई रूपा अंगणात तूर पाखडत होती. बाईंना दारात बघून तिला काय करू नि काय नको असं झालं. तिनं गोधडी अंथरली, शेजारून दूध मागवलं, चूल पेटवली. हेमला पळत आत गेली ती दाराआडून बघत राहिली. उद्याचं जरा सांगायचं होतं, अशी सुकेशनीनं सुरुवात केली. पण रूपाला तेवढाही दम निघत नव्हता.

"तुमी आल्या, लय चांगलं झालं बाई. पोरगी रोज तुमची वाट पाहून राह्यली. म्हणते, डावा हात वर केला का बाई जवळ येऊन बसतीन, समजावून सांगतीन. घरी आली का मी पुसते, आज बसल्या काय? म्हणते, आज नाई, उद्या बसतीन."

सुकेशनीला आठवलं. पोरांनी डावा हात वर करायला लाजू नये म्हणून पहिल्याच दिवशी ती तसं म्हणाली होती खरी. म्हणाली, आणि त्याच तासाला विसरली. तिच्यासाठी ते नुसतं बोलणं होतं. रूपाच्या आवाजात तक्रार असती तर एक वेळ बरं झालं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्याचं काय म्हणत होत्या, रूपानं विचारलं.

"हेमलाला उद्या नक्की पाठवा," सुकेशनी म्हणाली.

म्हणाली खरी, पण जीपमधे बसल्यावर ती हिशेब मांडू लागली. वार्षिक पाठ आपटला तर पुढचं सगळंच लांबणार होतं. आणि बाबांनी तर आत्ताच आळीभर सांगून ठेवलं होतं, आमची सुकेशनी मास्तरीण झाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी मॅडम मागच्या खुर्चीत बसल्या. पाठ अपूर्णांकांचा होता. सुरुवात छान झाली, पोरं तालमीबरहुकूम चालली. मग तिनं ठरलेला प्रश्न विचारला. अर्ध्या भाकरीतली पाव भाकरी खाल्ली, तर उरली किती?

सगळे हात वर. संघदीपचा उजवा तर नाकासमोर नाचत होता. त्याला उभं केलं की काम झालं. दुसऱ्या रांगेत हेमलाचा डावा हात नेहमीसारखा सरळ वर होता.

सुकेशनीनं संघदीपला थांब म्हटलं. ती रांगेतून आत गेली आणि सतरंजीवर हेमलाच्या शेजारी मांडी घालून बसली. तालमीत हे नव्हतं. मॅडम खुर्चीत पुढं सरकून बघू लागल्या. बघू देत, सुकेशनीनं मनाशी म्हटलं. कागदाची गोल भाकरी तिनं हेमलाच्या हातात दिली आणि अगदी हळू आवाजात समजावायला घेतलं, हे बघ, ही आपली भाकरी...

तिचं वाक्य संपायच्या आत हेमलानं भाकरीची घडी घातली, अर्धी फाडली, अर्धीची पाव केली, एक तुकडा बाजूला ठेवला आणि दुसरा बाईंच्या तळहातावर ठेवून म्हणाली, पाव.

सुकेशनी बघतच राहिली. तुला तर येतं, तिनं कुजबुजत विचारलं, मग रोज डावा हात का?

हेमला आणखी थोडी तिच्याजवळ सरकली.

"मले पहिल्या दिवसापासून येते, बाई. पण उजवा हात वर केला असता तं तुमी तिथूनच इचारलं असतं."