बिनचूक विरजण

दिवे लागल्यावर विरजण द्यायचं नसतं, असं सगुणाबाईंनी दारातच सांगून टाकलं. "सकाळी न्या, मॅडम. आत्ता जेवून घ्या."

डॉ. वैजयंती रेगेंना वाद घालायचंही त्राण नव्हतं. महिनाभर त्या गावोगाव घरचं जुनं विरजण शोधत फिरत होत्या. त्यांच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेने दह्याच्या जिवाणूंत डीएनएची नक्कल बिनचूक उतरवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बसवलं होतं. कितीही पिढ्या गेल्या तरी उत्परिवर्तन नाही, त्यामुळे दह्याची चव तसूभरही बदलत नसे. लोकांनी घरची विरजणं सोडून त्या जिवाणूंची विकतची पाकिटं धरली. पण त्या जिवाणूंना मारणारा विषाणू मात्र चुकत, बदलत राहिला; न बदलणारे जिवाणू त्याच्यापुढे टिकेनात, आणि आता शहरांत कुठेच दही लागत नव्हतं.

भातावर घट्ट, आंबटसर दही आलं. मग आणखी वाटीभर आलं. वैजयंतींनी नको म्हटलं नाही. वाटी त्यांनी चाटूनपुसून संपवली.

"सकाळी यातलं चमचाभर पुरेल मला," त्या म्हणाल्या.

"यातलं कुठलं आता? दमून आलात, म्हणून होतं तेवढं वाढलं. मडकंही घासून टाकलं." सगुणाबाई हसल्या. "काळजी नको. लेकाने आजच तालुक्याहून पाकीट आणलंय, तुमच्याच कंपनीचं. ते म्हणे कधी चुकतच नाही."

वैजयंतींनी हातातल्या वाटीकडे पाहिलं.

"द्या ती वाटी, घासते," म्हणत सगुणाबाईंनी हात पुढे केला. वैजयंतींनी रिकामी वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.