रिकामा काठ

“ज्या घरात पोरगा नाई, ते घर नदीचं पाणी पीत नाई काय?” हे भर सभेत विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली, आणि मी विचारलंच! चावडीवरचे सगळे पाहतच राहिले. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात धाम नदी आटली होती, गावाजवळ दोनच डोह उरले होते. मासे मारायला कोणीतरी भरदुपारी त्यांत कपाशीवरचं विषारी औषध ओतायचं, म्हणून आमच्या गावानं आणि पल्याडच्या काठावरच्या मासेमार ढिवरांनी मिळून राखण लावली होती. दोन्ही काठांवर रोज एका घरचा माणूस बसायचा. काल पाळी आमची होती, पण बाबांचा पाय मोडलेला आणि आम्ही दोघी बहिणीच, म्हणून गावानं आमचं घर सोडून दिलं. आमचा काठ रिकामा राहिला आणि तिथूनच कोणीतरी एका डोहात औषधाचा डबा ओतला. सरपंच म्हणाले, “अवो, पोरीची जात तू, नदीवर एकटी बसशीन काय?” पल्याडचे तानबाकाका उठले. “एकटी काऊन? समोर मी हावो ना. एकच डोह राह्यला सरपंचसायेब, आता बी घरं सोडतच राहाल काय?” मी धावत घरी आले. विषारी डोहाचं पाणी प्यायलेली आमची कालवड गोठ्यात पाय झाडत होती. आई तिच्या तोंडात ताक ओतत होती, ते फेसासकट बाहेर येत होतं. “बाबा, रागवा नाईतर मारा, पण आपल्या घराची कालची पाळी आज मी करणार हावो. आई, मले भाकर बांधून दे.”