खिडकीचे जास्तीचे पैसे

धाकटी जाऊ काउंटरपर्यंत जाऊन पुन्हा परत आली. थोरली बाकावर दोन बॅगांच्या मधोमध बसली होती आणि काचेपलीकडच्या जहाजाकडे, नवी उंच इमारत बघावी तशी मान वर करून बघत होती.

"ताई, अजून आहे ती खोली," धाकटी म्हणाली. "कुणीतरी ऐनवेळी रद्द केलीय. बाहेरच्या बाजूची, समुद्र दिसणारी मोठी खिडकी. फक्त फरक भरायचा."

"फक्त?" थोरली म्हणाली. "एवढ्यात शिवणाचं नवं मशीन येतं. मोटरसकट."

सहलीची तिकिटं दोघींच्या मुलांनी मिळून काढून दिली होती. चार दिवस जहाजावर, आणि राहायला आतल्या बाजूची, बिनखिडकीची, सगळ्यांत स्वस्त केबिन. निघेपर्यंत त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने मघाशी विचारलं, आणि तेव्हापासून धाकटीचा पाय एका जागी ठरेना.

"आपण काय खोलीत बसायला चाललोय?" थोरली म्हणाली. "वर डेकवर सगळा समुद्र फुकट आहे. रात्री पाठ टेकायला जागा मिळाली की झालं."

"आत कोंडल्यासारखं होईल हो तुम्हाला."

"मला?" थोरली हसली. "मला काय त्याचं नवीन?"

ती सहज बोलून गेली. धाकटीला मात्र ते बरोबर लागायचं तिथे लागलं. घरातली रस्त्याकडची हवेशीर खोली धाकटीची होती. ती लग्न होऊन आली तेव्हा, नवं जोडपं आहे, वर्षभर राहू दे त्यांना तिथे, म्हणून थोरलीने आपलं सामान मधल्या खोलीत हलवलं. ते वर्ष काही संपलं नाही. मधल्या खोलीला खिडकीच नव्हती. थोरली भर दुपारी दिवा लावून तिथे लोकांचे कपडे शिवत बसायची. त्यावरून घरात कधी चकार शब्द निघाला नाही.

धाकटीने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, न पिताच परत लावलं.

"काकू, काय ठरलं?" काउंटरवरून हाक आली. "मागे एक फॅमिली विचारतेय."

"आलेच हं, बाळा." ती थोरलीकडे वळली. "ताई, सगळे पैसे मी भरते. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"तू का भरणार?"

"असंच."

"असंच कुणी एवढे पैसे भरत नाही. तुला हवीय का ती खोली?"

"तुमच्यासाठी घेतेय."

"मग नको."

"का पण?"

थोरलीने बॅगेचा पिळा पडलेला पट्टा सरळ केला. "इतक्या वर्षांचं चार दिवसांत फेडायला निघालीस. तेही खाऱ्या पाण्यावर."

इतकी वर्षं जे कुणीच काढलं नव्हतं, ते आता असं बाकावर, चारचौघांत समोर आलं होतं. शेजारी एक माणूस पोराच्या बुटाची नाडी बांधत होता. धाकटी खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही कधी मागितली का नाहीत ती खोली?"

"मागितली असती तर दिली असतीस?"

'म्हणजे काय ताई, हे काय विचारणं झालं?' हे वाक्य धाकटीच्या अगदी ओठांवर आलं. घरी असती तर ती ते बोलूनही गेली असती.

"नसती दिली," ती म्हणाली. "कारणं सांगितली असती. पोराचा दमा, ह्यांची रात्रपाळी. पण दिली नसती."

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. धाकटीला वाटलं, आता ही रडणार. पण थोरली हसत होती, ओठ दाबून, पोटावर हात धरून.

"बाई गं! आणि मी इतकी वर्षं स्वतःलाच शिव्या घालत आले. म्हणायचे, मागायला तोंड उघडलं नाहीस ना, मग बस अंधारात. तुझी तू मूर्ख." तिने डोळे पुसले. "बरं झालं बोललीस."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. थोरलीने आपली पर्स तिच्या हातात कोंबली.

"जा. अर्धे माझ्यातले घे. ते कबूल नसेल तर खोलीच नको. आणि पळ, नाहीतर ती मागची फॅमिली खिडकी घेऊन जाईल."

केबिन अरुंद होती. एक पलंग दाराशी, एक खिडकीखाली. धाकटी उंबऱ्यातच घुटमळली, बॅग कुठे ठेवावी तिला सुचेना. थोरलीने कुणाला विचारलं नाही. सरळ आत गेली, खिडकीखालच्या पलंगावर बॅग टाकली, चपला काढल्या आणि आडवी झाली.

थोड्या वेळाने जमीन थरथरली. धक्क्यावरची माणसं हळूहळू मागे सरकू लागली आणि पाण्याचा उजेड छतावर हलायला लागला.

"ताई, निघालं बघा!"

थोरली डोळ्यांवर हात घेऊन पडली होती, श्वास संथ चालला होता. ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. धाकटी पाय न वाजवता पुढे गेली आणि तिने पडद्याला हात घातला.

"राहू दे," डोळ्यांवरचा हात न काढताच थोरली म्हणाली. "पडू दे ऊन."