बारावं नाव

"कागद कारखान्याच्या फाटकावर गोळीबार झाला होता ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र हवंय," ती म्हणाली. "अडतीस वर्षं झाली त्याला. मिळेल?"

ग्रंथपालाने मान वर केली. सकाळचे अकरा वाजले होते. पेपर समोर धरून पेंगणारे दोन म्हातारे सोडले तर वाचनालयात कोणी नव्हतं.

"कशासाठी हवंय?"

"इंटरनेटवर त्या गोळीबाराचं पान आहे, लोकांनी मिळून लिहिलेलं. त्यात माझ्या वडिलांचं नाव घालायचंय. पोलीस शिपाई होते ते. त्या दिवशी डोक्यात दगड बसला, संध्याकाळी दवाखान्यातच वारले."

ग्रंथपालाने पेन खाली ठेवलं. ते पान गेली नऊ वर्षं तो तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. मेलेल्या अकरा कामगारांची नावं त्यात त्यानेच लिहिली होती. पाचवं नाव त्याच्या थोरल्या भावाचं होतं. तिथे तो 'साक्षीदार' या टोपणनावाने लिहायचा.

"सहा वेळा घातलं मी," ती सांगत होती. "सहाही वेळा दहा मिनिटांच्या आत काढून टाकलं. कोण तो साक्षीदार आहे म्हणे. नाव मोठं, लक्षण खोटं! दर वेळी एकच शेरा, संदर्भ नाही. आता मी कुठून आणू संदर्भ? आईजवळ एक कात्रण आहे, त्यावर ना तारीख, ना पेपरचं नाव."

"जाऊ द्या हो. कोण वाचतं ती पानं?"

"लेकीच्या बाई वाचतात. पोरीनं आजोबांवर निबंध लिहिला, वर्गात वाचून दाखवला. बाईंनी तिथल्या तिथे पान उघडलं. मेले अकरा, आणि अकराही कामगार. पोर सगळ्यांसमोर खोटी पडली. आता मलाच विचारते, आई, आजोबा नक्की कशानं गेले गं?"

तो उठला. जुन्या अंकांचं कपाट त्याच्या खुर्चीच्या मागेच, दोन हातांवर होतं. 'संदर्भ नाही' हा शेरा त्याने सहाही वेळा याच खुर्चीत बसून मारला होता.

कारण होतं. निवडणूक आली की एक पक्ष त्या अकरा जणांना हुतात्मे म्हणून मिरवायचा. दुसरा पक्ष म्हणायचा, गोळीबार झालाच नाही, चेंगराचेंगरीत माणसं दगावली. आणि पुरावा म्हणून याच वर्तमानपत्राचं पहिलं पान दाखवायचा, त्यात चेंगराचेंगरीच छापली होती. एक दगड कबूल केला असता तर अकरा गोळ्या माफ करून घ्यायला लोक टपलेलेच होते. त्याच्या भावाच्या हातात दगड नव्हता, जेवणाचा डबा होता. म्हणून त्याने दगड पडलाच नाही, असं ठरवून टाकलं. लबाडीच होती ती. पण आपल्या माणसासाठी केलेली लबाडी माणसाला टोचत नाही.

बांधीव खंड त्याने टेबलावर ठेवला, पानं उलटली आणि एका पानावर बोट टेकवलं. तिसरं पान, अगदी तळाला, चार ओळी. शिपायाचं नाव, वय, दवाखाना.

तिने त्या ओळी दोनदा वाचल्या. आपल्या बापाचं नाव छापलेलं ती पहिल्यांदाच तारखेसकट पाहत होती. तिचे डोळे भरून आले. ते तिने पदराने पुसले आणि मग एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"एवढ्या मोठ्या अंकात ही चार ओळींची बातमी तुम्हाला न शोधता कशी सापडली?"

तीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाला एखादी थाप सुचली नसती असं नाही. पण त्याची मान आपोआप खाली गेली.

"साक्षीदार मीच आहे," तो म्हणाला.

त्याने संगणक तिच्याकडे वळवला आणि तिच्यादेखत अकरा नावांखाली बारावं नाव लिहिलं. पुढे तारीख, पान, रकाना. सगळं जिथल्या तिथे.

"झालं. आता कोणी काढणार नाही. काढलंच तर मी परत घालीन." त्याला हलकं वाटत होतं. ती निदान 'बरं' तरी म्हणेल, अशी त्याची अपेक्षाही होती.

तिने पडद्यावरची नावं वाचायला घेतली. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत, एकेक करून.

"वरची अकरा कोणी लिहिली?"

"मीच."

"मग ती माणसं तरी खरी मेली का?"

त्याला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. पण ती खरंच विचारत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला घरी जाऊन लेकीला काहीतरी सांगायचं होतं.

त्याने पाचव्या नावावर बोट ठेवलं. "हा माझा थोरला भाऊ. मी एकोणीस वर्षांचा होतो. फाटकापासून घरापर्यंत मी त्याला हातगाडीवर घालून आणलाय."

तिने त्या नावाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"असेलही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण कशावरून?"