तुरीच्या आडून

आचल थांबली, तशी पौर्णिमा तुरीत खाली बसली.

तूर डोक्याएवढी वाढली होती म्हणून बरं. शेंगा गालाला घासत होत्या. फटीतून लेकीची पाठ दिसत होती. पिवळा टी-शर्ट, हातात नकाशा, गळ्यात होकायंत्र. नऊ वर्षांची पोर, एवढ्या मोठ्या वावरात एकटी. आईबापांनी सुरुवातीच्या कडुलिंबाखालीच बसून राहायचं, असं खेळ घेणाऱ्या कुंदन सरांनी बजावून सांगितलं होतं. बाकीच्या आया चहा पीत बसल्याही होत्या. पौर्णिमा मात्र ‘जरा बगीचा पाहून येते’ म्हणून उठली होती.

खेळ सोपा होता. नकाशावर खुणा होत्या. प्रत्येक खुणेच्या जागी नारिंगी-पांढरी झेंडी बांधलेली. ती शोधायची, तिथल्या चिमट्यानं कार्डावर ठसा उमटवायचा आणि पुढच्या झेंडीकडे निघायचं. बडनेऱ्याबाहेरचं भगवंतरावांचं शेत, संत्र्याचा बगीचा, कोरडा नाला, शेजाऱ्यांची कपाशी. यात हरवण्यासारखं काय आहे, सर म्हणाले होते. पण शाळेची व्हॅन कोपऱ्यावर जरा उशिरा दिसली तरी पौर्णिमाला कापरं भरायचं. पुढच्या महिन्यात चिखलदऱ्याला मुक्कामी शिबिर होतं. आचलनं त्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी नवरा, गोपाल, म्हणाला, “आज न घाबरता फिरून आली तर पाठवू. तूच पाहा, तूच ठरव.”

पौर्णिमा पाहतच होती. पोर घाबरली होती.

बाकीची मुलं खुशाल पळत होती. आचल थोडं चालायची आणि थांबायची. मागं वळून पाहायची. नकाशा या हातातून त्या हातात घ्यायची. बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायची. तिच्या मागून निघालेली पोरं तिला ओलांडून पुढं गेली. पौर्णिमाचा जीव तुटत होता. चिखलदरा तिनं मनातून केव्हाच पुसून टाकला होता.

आणि आता हे. नकाशातली खूण कपाशीलगतच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीपाशी होती. बाभूळ होती, झेंडी नव्हती. आचलनं झाडाभोवती एक फेरा मारला. मग तिची नजर कपाशीत वेचणी करणाऱ्या म्हातारीवर गेली. ही त्या वावराची मालकीण, केशरबाई. तिच्या कमरेच्या ओटीत कापूस होता, आणि कापसातून एक नारिंगी टोक बाहेर डोकावत होतं.

“आजी, ती झेंडी आमची आहे.”

“तुमची?” केशरबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. “म्हंजे मोजणीवाल्याची पोरगी काय वं तू? मागच्या साली अशीच झेंडी लावून गेले, अन् शेषरावचं अर्धं वावर रस्त्यात गेलं. माह्या धुऱ्यावर झेंडी लावाले तुमाले कोनं सांगतलं?”

पौर्णिमा अर्धी उठली. आता ही रडणार.

आचल रडली नाही. तिनं नकाशा पुढं धरला. “रस्त्याचं काही नाही, आजी. आमी खेळून राहिलो. हे पाहा, ही तुमची विहीर. ही बाभूळ.”

केशरबाईनं कागद डोळ्याजवळ नेला. “मंग माही विहीर कागदावर काहून काढली?”

“नाही तर मी इथं कशी आली असती?”

म्हातारी खुदकन हसली. “वकिलीन हायेस वं तू!” तिनं ओटीतली झेंडी झटकली आणि आपल्याच हातानं फांदीला बांधली. चिमटाही काढून दिला. “हा घे तुहा अडकित्ता. सुपारी नाही फुटत यानं, मी पाह्यलं.” मग इकडंतिकडं बघत म्हणाली, “एकटीच हिंडून राहिली काय?”

आचलनं एकदा तुरीकडं पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

पौर्णिमाचे डोळे भरून आले. अनोळखी माणसाला ‘मी एकटी आहे’ म्हणून सांगायचं नाही, हे तिनंच शिकवलं होतं. एवढ्या भीतीतही पोरीनं ते लक्षात ठेवलं.

नाल्याजवळ पौर्णिमाची ओढणी बोरीच्या काट्यांत अडकली. सोडवता सोडवता फाटली. आचल आता दिसेनाशी झाली असणार, म्हणून ती धडपडत पुढं आली, तर पोर काठावरच्या दगडावर बसून पाणी पीत होती. दमली असेल. वाट सुचत नसेल. मग बगीचा संपला, समोर कडुलिंब दिसला, त्याखालचा मांडव दिसला, आणि आचल एकदम सुटलीच. वाऱ्यासारखी पळाली. माणसं दिसल्यावर बिचारीला धीर आला, पौर्णिमाला वाटलं. ती स्वतः बगीच्याच्या कडेनं वळसा घालून, धापा टाकत मांडवात येऊन उभी राहिली.

“झाला का वो बगीचा पाहून?” शेजारची गीतांजली म्हणाली. “केसात तर तूर दिसून राहिली तुमच्या!”

सगळ्यांत शेवटी आचलच आली होती. कुंदन सरांनी तिचं कार्ड खालीवर करून पाहिलं. एकही ठसा चुकला नव्हता.

“सगळं बरोबर आहे. मग इतका उशीर कसा, बेटा? भीती वाटली का?”

पौर्णिमानं कान टवकारले.

“नाही,” आचल म्हणाली. मग सरांच्या जवळ सरकली आणि आवाज अगदी हळू केला, तरी तो पौर्णिमाला ऐकू आलाच. “मम्मी मागं होती ना सर. तिच्याजवळ नकाशा नव्हता.”