मानाचा टिळा

"आई, आप्पांना आतच बसव. व्याह्यांसमोर काही भलते बोलले तर सोयरीक मोडेल," मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला.

"नातीच्या साखरपुड्यात मानाचा टिळा तिचे आजोबाच लावतील." मी यांना हात धरून बैठकीत आणले.

यांनी व्याह्यांना वगळले, स्वतःच्याच मुलाच्या कपाळी टिळा लावला आणि हात जोडले. "आमची मुलगी सांभाळा." मंडळी हसू लागली. मुलाने मान खाली घातली.

"यांना डिमेन्शिया झाला आहे," मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. "व्याही कोण हे विसरले, पण नातीला सांभाळा म्हणायला विसरले नाहीत. ज्यांना असे घर नको असेल, त्यांनी आत्ताच उठावे."

व्याही उठले. मुलाशेजारी येऊन त्यांनी कपाळ पुढे केले.

"आप्पा, माझा टिळा राहिला."